संगीत खुर्ची घेताय? आधी बटणवाल्याचं तोंड भिंतीकडं करा

मागच्या गणपतीत आमच्या लातूरच्या कॉलनीत संगीत खुर्ची चालू होती अन् मोबाईल माझ्या हातात होता. शेवटची चार लेकरं राहिली होती, त्यातलं एक माझंच. मी मुद्दाम काही केलं नाही हो, खरंच नाही, पण पोरगा बरोबर खुर्चीसमोर आला अन् माझं बोट बटणावर पडलं. पुढच्या फेरीला परत तसंच. आऊट होऊन कठड्यावर बसलेली दुसरीतली एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणली, "काकू, तुम्ही ह्याच्याकडंच बघून बंद करायलात." मोठी माणसं हसली, मी पण हसले, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की पोरगी शंभर टक्के खरं बोलली होती.

तेव्हापासून वाढदिवस असो, मंडळाचा कार्यक्रम असो नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर गोळा झालेली भाचरं-पुतणी असोत, मी खेळ वेगळ्या पद्धतीनं घेते. जे काही ठरवायचं ते खेळाच्या आधी ठरवून टाकायचं, गाणं सुरू झालं की आपल्या हातात काही ठेवायचंच नाही. आपण चांगले आहोत, आपण कशाला पक्षपात करू असं प्रत्येकाला वाटतं, पण बोट कुणाचं ऐकत नसतं.

तर आधी बटण. दाबणाऱ्याचं तोंड भिंतीकडं, पाठ लेकरांकडं, एवढं तर कराच. पण त्यानं काम अर्धंच होतं. मागून ओरडा ऐकू येतो, कोण कुठं आहे याचा अंदाज लागतो, अन् दुसरं म्हणजे माणसाला सवय असते, दोन फेऱ्या लांबल्या की तिसरी लगेच थांबवायची, नाहीतर गाण्याची ओळ संपली की बोट आपोआप दाबलं जातं. पाचवी-सहावीतली पोरं हे दोन फेऱ्यात ओळखतात, गाणं पाठ असतंच त्यांना, ओळ संपायला आली की खुर्चीजवळ रेंगाळायला लागतात. म्हणून मी सापशिडीचा फासा वापरते. खेळाच्या आधीच वीसेक वेळा फासा टाकायचा, जो आकडा पडेल त्याला पाचानं गुणायचं, म्हणजे पाच सेकंद ते तीस सेकंद असं काहीही येतं, अन् ते ओळीनं एका कागदावर लिहून ठेवायचं. बटणवाल्यानं फक्त कागद अन् घड्याळ बघायचं, पहिली फेरी वीस सेकंद, दुसरी पाच, तिसरी परत पाच, असं. कागद कुणाला दाखवायचा नाही. खेळ संपल्यावर मात्र कुणाच्या आईबापाला शंका आली तर कागद पुढं करायचा, भांडण तिथंच मिटतं. सलग दोनदा पाच आले तर "हे काय बरोबर वाटत नाही" म्हणून आकडा बदलायचा मोह होतो, बदलू नका.

एका हुशार भाच्यानं मला गाण्याची फाईलच करून दिली होती, मधेमधे शांतता टाकलेली. पहिल्या दिवशी मस्त चालली. दुसऱ्या दिवशी तीच लावली तर पोरांना कुठं थांबणार ते पाठ झालं होतं. तेव्हा असली फाईल एकदाच वापरायची. अन् ज्या गाण्यात मधेच वाजणं थांबतं अन् परत धडाक्यात सुरू होतं तसलं गाणं तर अजिबात नको, बारकी लेकरं फसून बसतात, मग ती आऊट का नाही यावर दहा मिनिटं चर्चा.

मोबाईलचं अजून एक. गाणं आधीच डाउनलोड करून ठेवा अन् फोन फ्लाईट मोडवर टाका, मग ब्लूटूथ चालू करा. नाहीतर ऐन वेळी सासूबाईंचा फोन येतो, गाणं बंद पडतं, सगळी लेकरं खुर्चीवर, अन् आपण इकडं "हॅलो, जेवलात का". नेटवर लावलं तर मधे जाहिरात घुसते, ती वेगळीच पंचाईत. ब्लूटूथच्या स्पीकरवर बटण दाबल्यावर आवाज थांबायला किंचित उशीर लागू शकतो, म्हणून पंचानं बोटाकडं बघायचं नाही, कानानंच ऐकायचं, लेकरं जे ऐकतात तेच. स्पीकर एका कोपऱ्यात ठेवू नका, त्या बाजूची लेकरं ऐकतात अन् पलीकडच्यांना गोंगाटात काही कळत नाही. स्टुलावर, सगळ्यांना सारखा ऐकू येईल असा ठेवा.

आता खुर्च्या. पेपरात संगीत खुर्ची हा शब्द आला की बातमी मंत्रिपदाचीच असते, पण तिथले नियम मला माहीत नाहीत, आपण आपलं लेकरांचं बोलू. माझं माहेर परभणीचं, अन् आमच्याकडं म्हणतात ना जगात जर्मनी भारतात परभणी, तर त्या जर्मनीत या खेळाला "जेरुसलेमचा प्रवास" म्हणतात. नाव कितीही मोठं असू द्या, गोष्ट एकच, लेकरापेक्षा एक खुर्ची कमी.

आपल्याकडं बहुतेक ठिकाणी खुर्च्या पाठीला पाठ लावून दोन रांगेत मांडतात. त्यात टोकाला वळताना खुर्चीच नसते, तिथं जो सापडला तो गेला, म्हणून सगळे टोकाला पळत सुटतात अन् खुर्चीसमोर मुंगीच्या चालीनं चालतात. गोल करा. पाठी आत, तोंड बाहेर, दोन खुर्च्यांत अंतर सारखं. मग खुर्च्यांपासून मोठ्या माणसाची दोन पावलं सोडून रांगोळीनं किंवा चुन्यानं गोल रेघ ओढा अन् लेकरांनी त्या रेघेच्या बाहेरूनच चालायचं. या एका रेघेनं निम्मी लबाडी बंद होते, कारण खुर्चीला हात लावून सरकत जाता येत नाही अन् सगळ्यांना पळायचं अंतर सारखं पडतं. दर दोन फेऱ्यांनी उलटं फिरवा, चक्कर येत नाही. खुर्ची काढली की उरलेल्या परत सारख्या अंतरानं लावायच्या, हे लोक विसरतात अन् एका बाजूला भगदाड पडतं.

खुर्च्या बिनहाताच्या प्लास्टिकच्या घ्या. मंडपवाल्याकडच्या लोखंडी घडीच्या असतील तर नकोच, त्यात बोटं चेंगरतात. शहाबादी फरशीवर मोजे घालून पळणारं लेकरू हमखास आपटतं, मोजे काढायला लावा, अन् फरशीवर पाणी-सरबत सांडलेलं नाही ना ते आधी बघा. गच्चीवर घेत असाल तर कठड्यापासून लांब. अन् आमच्या इकडच्या मे महिन्यात उन्हं कलल्याशिवाय गच्चीचं नावच काढू नका, दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळी सहालासुद्धा पायाला चटका देते, दोन बादल्या पाणी मारून वाळू द्यायचं मगच लेकरं वर न्यायची.

खुर्च्याच नसल्या तर उशा चालतात, शेतात असाल तर घडी घातलेली गोणपाटं. वेळ अमावस्येला, म्हणजे सगळे शेतात पूजेला अन् जेवायला जमतात त्या दिवशी, आम्ही तेच करतो. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, भज्जी-आंबील झाली की मोठी माणसं कडब्याच्या कोपीपाशी आडवी होतात अन् लेकरांना सुचत नाही काय करावं, तेव्हा मोकळ्या जागेत गोणपाटं टाकायची. फक्त गुळगुळीत फरशीवर गोणपाट नको, सटकतं.

वयाचं बघा. बालवाडीतलं अन् सहावीतलं एका गोलात घातलं की निकाल आधीच लागलेला असतो. बालवाडी-पहिली एक गट, दुसरी ते चौथी एक, त्यावरचे एक, असं करते मी. लेकरं कमी असली अन् गट पडत नसले तर मोठ्यांसाठी अजून एक पाऊल लांब दुसरी रेघ ओढायची. मोठी पोरं कुरकुर करतात, मग त्यांना सांगायचं की तुम्ही लई फास्ट आहात म्हणून हे, लगेच खूश.

पंच दोन ठेवा, गोलाच्या दोन बाजूला. ज्याचं लेकरू अजून खेळात आहे त्यानं पंच व्हायचं नाही, मी तर नाहीच नाही. नियम तीनच सांगायचे, जास्त सांगितले तर कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. पहिला, खुर्चीला जो टेकलाय तो राहिला अन् जो त्याच्या मांडीवर बसलाय तो आऊट. दुसरा, अर्धे-अर्धे बसलेत अन् पंचाला खरंच कळत नाही तर कुणीच आऊट नाही, खुर्च्या तेवढ्याच ठेवून फेरी परत. तिसरा, ढकललं किंवा खुर्ची ओढली तर एकदा ताकीद अन् दुसऱ्यांदा आऊट. मग एक कच्ची फेरी घ्यायची, तिच्यात कुणी बाद नाही, नुसतं सगळ्यांना कळावं म्हणून.

मी एकदा शहाणपणा करून स्लो मोशनमधे व्हिडिओ काढायला लावला होता. क्रिकेटसारखं थर्ड अंपायर. वाद झाला अन् त्या एका मोबाईलवर अकरा माणसं वाकली, त्यात दोन आज्या, एकीचा चष्मा घरी राहिलेला, अन् पंधरा मिनिटं "हे बघा टेकलाय", "कुठं टेकलाय". लेकरं तोवर लपाछपी खेळायला निघून गेली होती. व्हिडिओ नको. फेरी परत घ्या, तीस सेकंदांचं काम आहे.

आता जो आऊट झाला त्याचं काय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हिशोब करा, पंधरा लेकरं असली तर एकेक काढत चौदा फेऱ्या होतात, एका फेरीला खुर्ची काढून परत लावून मिनिटभर धरलं तरी पहिलं आऊट झालेलं लेकरू जवळजवळ पाव तास नुसतं बसून असतं. अन् पहिलं कोण जातं? बहुतेक सगळ्यात बारकं, लाजाळू, नाहीतर जे पहिल्यांदाच आपल्याकडं आलंय ते. म्हणजे ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज होती तेच बाहेर. म्हणून जास्त लेकरं असली की सुरुवातीला दोन-दोन तीन-तीन खुर्च्या काढा. तीस लेकरं असतील तर तीन-तीननं सात फेऱ्यात नऊ उरतात, मग एकेक, असा पंधरा फेऱ्यात खेळ आटोपतो, नाहीतर एकोणतीस. अन् आऊट झालेल्याला लगेच काम द्या. खुर्ची उचलून बाहेर नेणं हे सगळ्यात मानाचं काम, त्यासाठी लेकरं भांडतात. कुणी रेघेवर लक्ष ठेवायचं, कुणी टाळ्यांचा ठेका धरायचा. बटण मात्र लेकराच्या हातात नको, दोस्ताला जिंकवतंच ते.

अगदी बारकी असतील तर कुणाला काढूच नका. खुर्च्या कमी करत जायच्या अन् गाणं थांबलं की सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर कसंही मावायचं, मांडीवर, कडेला, एकमेकाला धरून. एक तरी बाहेर राहिला तर सगळे हरले. यात जी हसाहशी होते ती जिंकण्या-हरण्यात होत नाही. पण बारा लेकरांना सहा खुर्च्या झाल्या की थांबा, आमच्याकडं एका खुर्चीचे पाय चारी बाजूला पसरले होते अन् मंडपवाल्यानं पैसे कापून घेतले. उशांवर खेळलात तर ही भीतीच नाही.

शेवटची दोन लेकरं अन् एक खुर्ची, इथं सगळ्यात जास्त लबाडी होते. दोघं खुर्चीला चिकटून गरगर फिरतात, गाणं थांबलं की धडक. यावर सोपा उपाय, खुर्चीच्या दोन बाजूंना आठ-दहा पावलांवर पाण्यानं भरलेली एकेक बाटली ठेवायची अन् दोघांनी दोन्ही बाटल्यांना बाहेरून वळसा घालत फिरायचं, एकानं या बाटलीपासून सुरुवात करायची अन् दुसऱ्यानं त्या. मग कोण जिंकेल ते खरोखर गाणंच ठरवतं.

पार्सलच्या खेळाचं, म्हणजे गोलात बसून गाणं थांबेपर्यंत पुडकं हातोहात पुढं द्यायचं अन् थांबलं की ज्याच्या हातात असेल त्यानं एक थर उघडायचा, त्याचं वेगळंय. तिथं मी स्वतः बघून गाणं थांबवते, अन् लाज वाटत नाही. कारण तिथं कुणाला जिंकवायचं नसतं, प्रत्येकाची पाळी यावी एवढंच असतं. जेवढी लेकरं तेवढे कागदाचे थर, प्रत्येक थरात एक चॉकलेट अन् एक चिठ्ठी. जुने पेपर वापरा, सेलोटेप कमी लावा नाहीतर बालवाडीतलं लेकरू ते पुडकं फाडता फाडता रडायला येतं, सुतळीची एक सैल गाठ पुरते. ज्याचं एकदा उघडून झालं त्याच्याकडं परत थांबलं तर त्यानं उजवीकडच्या, न उघडलेल्या लेकराला द्यायचं. शेवटच्या थरात मोठं गिफ्ट ठेवू नका, त्यानंच सगळी रडारड होते, बिस्किटांचा मोठा पुडा ठेवा अन् ज्याच्या हातात येईल त्यानं सगळ्यांना वाटायचा, त्याला तो मान.

चिठ्ठ्या लिहिताना एकच कसोटी, जे आपण स्वतः सासरच्या माणसांसमोर करणार नाही ते लिहायचं नाही. कोंबडा हो, अमक्याची नक्कल कर, पोरीसारखं चालून दाखव, जाड्याला उचल, असलं मोठ्यांना गंमत वाटतं अन् लेकराच्या मनात वर्षभर राहतं. कुत्र्याचा आवाज काढ, एक कोडं घाल, तीन उड्या मार, पुष्कळ झालं. दोन चिठ्ठ्यांतली एक निवडायची मुभा द्या, अन् दोन्ही नको असतील तर "पास" म्हणता आलं पाहिजे.

स्टॅच्यूत भांडण एकाच गोष्टीवर, कोण हललं. गाणं थांबलं की मोठ्यानं एक-दोन-तीन म्हणायचं अन् तेवढ्यातच बघायचं. पाय हलला तर आऊट, डोळ्याची पापणी अन् हसू माफ. दोन पंचांनी जागा वाटून घ्यायची, डावीकडचा डावीकडंच बघणार. अन् "बेस्ट डान्स"चं बक्षीस यात घुसडू नका, ते दर वेळी क्लासला जाणाऱ्या एकाच पोरीला जातं.

अंताक्षरीला आवाजानं आकडे मोजायचे नाहीत. समोरची टीम एक-दोन-तीन-चार-दहा असं मोजते, मोबाईलचा टायमर लावा. ळ आला तर ल घ्यायचा, ण आला तर न, हे आधीच सांगून टाका. अन् भाषेचं. आमच्या कॉलनीत देगलूर बाजूचं एक घर आहे, लेकरं घरी तेलुगू बोलतात, एक घर गोरमाटी बोलणारं, दोन घरं दखनी. मराठी-हिंदीच चालेल म्हणलं तर ती लेकरं गप्प बसतात. मी सांगते कुठल्याही भाषेतलं चालेल, फक्त दोन ओळी पूर्ण गायच्या. गाणं आम्ही ऐकलं नाही म्हणून बाद, हे चालायचं नाही.

गोतावळ्यात एखादं लेकरू कमी ऐकणारं असतंच, अन् कधीकधी ते आपल्याला सांगितलेलंही नसतं. म्हणून गाणं थांबवताना बटणवाल्यानं दुसऱ्या हातातली लाल ओढणी डोक्यावरून खाली टाकायची, दर फेरीला, सगळ्यांसाठी. मग त्या एकट्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही अन् त्याला कुणी बोटही दाखवत नाही.

बक्षीस पहिल्याला पेन्सिलबॉक्स अन् बाकीच्यांना टाळ्या, असं नको. सगळ्यांना एकेक पेन्सिल, जिंकणाऱ्याला पेन्सिल अन् खोडरबर. ज्याचा वाढदिवस त्याला जिंकवायची पद्धत आहे काही घरात, ती बंद करा, त्याला केक मिळालाय ना.

मधेच लाईट गेली तर खेळ थांबवायची गरज नाही. हलगी वाजवणारं कुणी असलं तर सोन्याहून पिवळं, आमच्याकडं मंडळात असतंच कुणीतरी, फक्त त्याचंही तोंड भिंतीकडं अन् आकडे कानात सांगायला एक माणूस मोबाईलची बॅटरी लावून शेजारी. हलगी नसली तर स्टीलचं ताट अन् चमचा. पूर्ण अंधार असेल तर पळायचे खेळ बंद, अंताक्षरी घ्या.

सगळं झालं की लेकरांना मुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर पोहे द्या अन् खुर्च्या मंडपवाल्याला परत देताना मोजा. मागच्या वेळी आम्ही मोजल्याच नाहीत, त्याची एक आमच्या गच्चीवर राहिली अन् आमच्या घरच्या दोन त्याच्या टेम्पोत गेल्या.